परतूरकरांच्या दारातली विदेशी वनस्पती

दीनानाथ परतूरकरांनी त्या दिवशी फक्त एवढंच ठरवलं होतं, की पेव्हर ब्लॉकवाल्याला फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही. निर्णय तसा लहानच. पण त्याच्या पायी अख्खी कॉलनी पुढे हलगी वाजवत आपल्या दारात येईल, हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

जालन्यातल्या प्राजक्त कॉलनीत (जिथे एकही प्राजक्त नाही, होता तो नाव देऊन झाल्यावर तोडला) घरापुढे माती दिसली की लोकांना अंगावरचं वस्त्र सरकल्यासारखं वाटतं. एकानं ब्लॉक बसवले की शेजाऱ्याला झोप लागत नाही. पावसाच्या थेंबाला जमिनीत शिरायला फट म्हणून ठेवायची नाही, आणि उन्हाळ्यात बोअर आटला की हीच मंडळी टँकरमागे घागरी घेऊन धावणार, वर महापालिकेला शिव्या देणार. ‘आधी पाण्याची वाट बुजवायची आणि मग पाण्याची वाट बघायची!’ हे वाक्य दीनानाथरावांचं स्वतःचं होतं आणि कॉलनीच्या प्रत्येक बैठकीत ते ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. कोषागारातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारले, आता कॉलनीवर मारत होते.

शेजारच्या भुजंगरावांनी तर कुंपणापासून पायरीपर्यंत सगळं लाल-पिवळं करून टाकलं होतं.

“बघा साहेब, चिखल न्हाई, पालापाचोळा न्हाई. झाडू मारला की बिलकुल आरसा!”

“आरशात काय बघायचं भुजंगराव, तोंड की तहान?” दीनानाथरावांनी विचारलं. भुजंगराव हसले. त्यांना प्रश्न कळला नव्हता, पण ते प्रत्येक गोष्टीला हसत.

तर परतूरकरांच्या फाटकाजवळ मातीचा एक तुकडा शिल्लक होता. खाट टाकली तर झोपणाऱ्याचे पाय रस्त्यावर येतील, एवढाच. त्या तुकड्यावर दीनानाथरावांचा फार जीव. अडचण एकच होती, की त्या तुकड्यात त्यांनी लावलेलं काहीही जीव धरत नसे. गुलाब गेला. मोगरा गेला. जास्वंद फुलली ती नर्सरीतून आणताना रिक्षात, त्यानंतर नाही. लोक उपटून भिंतीवर फेकतात आणि तिथंही जी तरारते ती कोरफड, तीसुद्धा परतूरकरांकडे पिवळी पडून आडवी झाली. (पुदिन्याबद्दल न बोललेलंच बरं.) नर्सरीवाला तर आताशा त्यांना रोप देताना, मुलगी देताना विचारतात तसं विचारायचा, “घरी अजून कोण कोण असतं?”

सुहासिनीबाई निवृत्त शिक्षिका. वर्ग शांत कसा करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. पेव्हर ब्लॉकवाला फाटकातून परत गेला त्या संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

“अहो, तुमच्या त्या स्मशानाचं काय करायचं?”

“बाग आहे ती.”

“बागेत काहीतरी जिवंत असतं. माझी स्कूटर रस्त्यावर उन्हात तापते, सीटवर पोळ्या भाजता येतील. हे बघा, गुढीपाडव्यापर्यंत मुदत. पाडव्याला तिथे एक तरी जिवंत झाड दिसलं, तर मी पुन्हा ब्लॉकचं नाव काढणार नाही. नाही दिसलं, तर पाडव्याच्या मुहूर्तावर ब्लॉक. आणि तुम्ही स्वतः ते बसवून घ्यायचे.”

“तण चालेल का?”

“चालेल की. पण तणसुद्धा तुमच्याकडे टिकत नाही.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच लागलं.

त्यानंतर गणपतीत मुलगा आला. अपूर्व इंग्लंडात लीड्सला नोकरी करतो. त्याच्या शेजारी डोरोथी नावाच्या एक आजीबाई राहतात आणि त्यांच्या बागेचं म्हणे तिकडे फार नाव आहे. वडिलांच्या मातीच्या तुकड्याची हकिगत त्यानं त्यांना सांगितली, तर आजीबाईंना गहिवरून आलं. त्यांनी आपल्या लाडक्या झाडाच्या चार-दोन बिया दिल्या. अपूर्वनं त्या मोज्यात गुंडाळून आणल्या.

बिया काय देखण्या! गुळगुळीत, चकचकीत, तपकिरीवर पांढुरकी नक्षी. एखाद्या कुशल कारागिरानं सुपारी रंगवावी तशा.

“बाबा, तिकडे हे झाड म्हणजे शान समजतात,” अपूर्व म्हणाला. “एकदम ट्रॉपिकल लूक. केवढाली लालभडक पानं! थंडीनं मरतं म्हणून डोरोथी दर वर्षी काचेच्या खोलीत रोप करून, थर्मामीटर लावून जपतात. आणि एक लक्षात ठेवा, बी विषारी आहे. तोंडात घालायचं नाही, कुणाला घालू द्यायचं नाही.”

‘विषारी’ या शब्दानं दीनानाथरावांची छाती दोन बोटं फुगली. भुजंगरावांच्या अंगणात विषारी असं काय होतं? काही नाही.

आता कुणीही विचारेल, की जालन्यात जन्मलेल्या माणसाला ती बी बघून काहीच आठवलं नाही का? नाही आठवलं. कारण ती विमानातून आली होती. हीच बी कुणी टेंभुर्णीच्या बाजारातून कागदाच्या पुडीत आणून दिली असती, तर दीनानाथरावांनी चष्मा लावून नीट बघितली असती, चार प्रश्न विचारले असते. विमानातून उतरलेल्या वस्तूला आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. आपण फक्त तिची तब्येत विचारतो.

बी रुजली. रुजली म्हणजे काय, माती फोडून उसळली. लालसर देठ, त्यावर हाताच्या पंज्यासारखं पान, आणि पानाला अशी काही तकाकी, की नुकतीच पॉलिश करून ठेवली असावी. दीनानाथराव सकाळी दात घासत तिथे, दुपारी पेपर घेऊन तिथे. नवरात्रात ते झाड त्यांच्या गुडघ्याला लागत होतं, दिवाळीत खांद्याला, आणि संक्रांतीला त्याच्याशी बोलायचं तर मान वर करावी लागत होती. शेंड्यावर लाल, काटेरी, मऊ बोंडांचे घोस आले. (ते घोस सुहासिनीबाईंनी लगेच कात्रीनं उतरवले. “रस्त्यानं लेकरं येतात-जातात,” एवढंच म्हणाल्या.)

आपल्या हातून काहीतरी जगतंय, या भावनेनं दीनानाथराव बदलून गेले. मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ पाहायचे, वहीत न लिहिता सगळं डोक्यात ठेवायचे, आणि मग परसातल्या नळाखाली निळ्या बादलीत कालवाकालव सुरू. आंबट ताक, चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं (परतूरकरांच्या घरात अंडं येत नाही, ती भुजंगरावांकडून मागून आणली जात), वर चिमूटभर हिंग. रात्रभर मुरवत ठेवायचं आणि सकाळी झाडाला घालायचं. गंमत म्हणजे दर खेपेला सकाळी बादलीतलं पाणी जरा पातळ आणि बिनवासाचं झालेलं असे. ‘मुरलं,’ असं म्हणून ते आनंदानं ओतत.

कॉलनीत कुतूहल पसरलं. फिरायला निघालेली माणसं फाटकाशी थांबू लागली, झाडाकडे बघत, मग दीनानाथरावांकडे बघत, मग पुन्हा झाडाकडे. काही विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर असे, पण विचारत नसत. दीनानाथरावांनी त्याचा अर्थ लावला: माणसं दिपली.

थांबणाऱ्यांत कचरूआबा पहिले. कचरूआबा भुतेकर मूळचे टेंभुर्णीचे. शेती अजून तिकडेच. इथे लेकाच्या बंगल्यात राहायचे आणि कॉलनीची होळी, दहीहंडी, सप्ताह, सगळं त्यांच्याच अंगावर.

“साहेब, जोरात वाढून राह्यलं की!”

“मग! निगा आहे आबा.”

“निगा?” आबांनी झाडाकडे पाहिलं. “याला?”

“रोज सकाळी खुराक देतो. जपावं लागतं हो. नाजूक जात.”

आबांनी डोकं खाजवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “हां हां! आलं ध्यानात. कोन करतं हो साहेब आजकाल एवढं! जो त्यो आपलंच बघतो. पर तुमी करून दाखविलं. कॉलनीवर उपकार हायेत.”

“उपकार कसले,” दीनानाथराव संकोचून म्हणाले. “आपल्या कॉलनीला काहीतरी शोभा यावी, एवढंच.”

“शोभा तर येनारच. मागल्या साली काय फजिती झाल्ती! पार बायपासच्या पल्याड गेल्तो, अन् आनलं काय, तर छत्रीच्या दांड्यावानी. पल्याडची कॉलनी दात काढत होती.”

मागच्या वर्षी आबा कुठलं झाड आणायला बायपासपलीकडे गेले होते, हे काही दीनानाथरावांना कळलं नाही. पण सुशोभीकरणाचाच काहीतरी प्रयत्न असणार, असं समजून त्यांनी मान हलवली. नाल्याच्या काठी पूर्वी बरीच झाडंझुडपं होती, ती महापालिकेनं सुशोभीकरणासाठीच तोडून तिथे सिमेंट ओतलं, हे त्यांना माहीत होतं. त्यावर ते बोलायलाही लागले, पण आबा घाईत होते.

“उंच होऊ द्या साहेब. शेंडा मोडू नका. आन् यंदाची पूजा तुमच्या अन् वहिनीच्या हस्ते. मी समद्याला सांगून टाकतो.”

म्हणजे सत्कारच! आता सत्कार म्हटला की नारळ असतो, पूजा असते. दीनानाथरावांनी विचारलं नाही कसली पूजा. निवृत्तीनंतर त्यांच्या हस्ते कुणी काही केलेलं नव्हतं.

घरात येऊन त्यांनी बायकोला बातमी दिली. सुहासिनीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

“काय म्हणणार होतीस?”

“काही नाही. मेथी फार मातकट आहे.”

थोड्याच दिवसांत एक नवीन प्रकार सुरू झाला. झाडाची खालची पानं नाहीशी होऊ लागली. आज एक, परवा दोन, देठापासून सफाईनं खुडलेली. दीनानाथरावांचा भुजंगरावांवर संशय. सगळं अंगण फरशीखाली गाडणारा माणूस, जळणारच. त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगानं स्वतः लिहिलं: ‘विदेशी वनस्पती. हात लावू नये.’ आणि पाटी झाडाला तारेनं बांधली.

पाटी वाचायला कचरूआबा चष्मा लावून आले. वाचली, आणि मांडीवर थाप मारून हसले.

“वा साहेब! वा! याला म्हनतात डोकं! खरं नाव लिव्हलं असतं, तर पल्याडच्या पोट्ट्यांनी शिमग्याच्या आधीच उचलून न्हेलं असतं. आता बसा म्हनावं हुडकत!”

“खरं नाव मला तरी कुठे नीट येतंय आबा. लॅटिन आहे.”

आबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “लॅटिन! लॅटिन म्हने! वहिनी, पानी द्या वो!”

(पानांचा चोर पुढे सापडला. कचरूआबांची बायको, झुंबरबाई. गुडघे दुखायचे म्हणून त्या सुहासिनीबाईंना विचारून पान न्यायच्या, तव्यावर जरा शेकून, तेल लावून गुडघ्याला बांधायच्या. भुजंगराव निर्दोष होते. दीनानाथरावांनी त्यांची माफी मागितली नाही. टरफलं मात्र पुन्हा मागून आणायला सुरुवात केली.)

होळीचा दिवस उजाडला. सुहासिनीबाईंनी पुरण घातलं होतं. दीनानाथरावांनी धुतलेला झब्बा घातला, कपाळाला गंध लावलं आणि सत्काराला उत्तर म्हणून चार वाक्यं मनात जुळवली. पाण्याची वाट बुजवण्याचं वाक्य त्यात होतंच. ऊन कलायला लागलं तशी हलगी वाजू लागली. आवाज मैदानाकडे न जाता त्यांच्याच गल्लीत वळला. ते फाटकात येऊन उभे राहिले. पुढे हलगीवाले, मागे लहान-मोठी मंडळी, बायका, आणि सगळ्यांच्या मधे कचरूआबा, फेटा बांधून. एका हातात हळदीकुंकवाचं ताट. दुसऱ्या हातात कोयता.

ताटाकडे बघून दीनानाथराव हसले. कोयत्याकडे बघून थांबले.

आबांनी झाडाला हळदीकुंकू लावलं, बुंध्याशी पाणी घातलं, हात जोडले. “या साहेब, वहिनीला बलवा. तुमचा हात लागू द्या पयला, मंग आमी तोडतो.”

“काय तोडता?”

“एरंड.”

“कुठला एरंड?”

हलगी थांबली. आबांनी आधी झाडाकडे, मग दीनानाथरावांकडे, मग मागच्या मंडळींकडे पाहिलं. “ह्योच की. होळीच्या मधी उभा करायला एरंड लागतो न्हवं? तुमीच तर लावलाय कॉलनीच्या होळीसाठी.”

“अहो आबा, हा एरंड नाही!” दीनानाथरावांचा आवाज चढला. “एरंड मला कळत नाही का? एरंड हिरवा असतो, उकिरड्यावर असतो. हे इंग्लंडहून आणलेलं झाड आहे! तिथे काचघरात वाढवतात!”

मंडळी आणखी जवळ सरकली. चेष्टेनं नव्हे, खरोखरच्या कुतूहलानं.

“इंग्लंडहून?” भुजंगरावांनी विचारलं. “एरंड?”

“विमानानं?” मागून कुणीतरी विचारलं.

“काय गं बाई,” झुंबरबाई पुढे आल्या, “तिकडं बी होळी करत्यात का?”

“तिकिटाला किती पडलं असंल?”

“म्हनून लाल हाये. थंडीनं.”

“हा एरंड नाही!” दीनानाथरावांनी खिशातून मोबाइल काढला. कोषागारातला माणूस, कागदाशिवाय बोलत नाही. व्हिडिओ कॉल लावला. लीड्सला जेवणाची सुट्टी होती. अपूर्वनं सँडविच हातात धरून पडद्यावर दर्शन दिलं आणि फेटे, हलग्या, कोयता बघून विचारलं, “बाबा, काय झालं? मोर्चा आहे का?”

“सांग यांना! झाडाचं नाव सांग!”

“थांबा हं. डोरोथीनं सांगितलं होतं… रिसिनस काहीतरी. बघतो, बघतो.” तो दुसऱ्या पडद्यावर काहीतरी टाइप करू लागला. कॉलनीनं श्वास रोखला. मोबाइलभोवती इतकी डोकी जमली, की दीनानाथरावांना स्वतःच्याच हातातला फोन दिसेना. “हां, सापडलं. ट्रॉपिकल झुडूप, शोभेसाठी लावतात, झपाट्यानं वाढतं… भारतात…” अपूर्वचा आवाज बारीक झाला. “भारतात सगळीकडे आपोआप उगवतं. उकिरड्यावर, नाल्याच्या काठी. बाबा, याचं तेल काढतात. ते तुम्ही मला लहानपणी नाक दाबून पाजायचात ना, ते.”

सँडविच खाली ठेवल्याचा आवाज आला. नंतर रेंज गेली, किंवा अपूर्वनं घालवली.

कुणी हसलं नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. भुजंगरावही हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी कळलं होतं. कचरूआबांनी दीनानाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ द्या साहेब. कुठून का आला असंना. झाड चांगलं धरलंय.”

“ते ठीक आहे आबा,” दीनानाथराव हळू आवाजात म्हणाले, “पण मला हे पाडव्यापर्यंत हवंय. पाडव्याला इथे जिवंत झाड नसलं, तर ब्लॉक बसणार. मी शब्द दिलाय. तुम्ही एखादी फांदी न्या ना.”

“फांदीवर होळी उभी ऱ्हाती का साहेब? बुडापासून लागतंय.”

सगळ्यांनी सुहासिनीबाईंकडे पाहिलं. त्या नैवेद्याचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

“तुला माहीत होतं?” दीनानाथरावांनी विचारलं.

“दुसरं पान फुटलं तेव्हापासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“कशी बोलणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातून काहीतरी जगत होतं. रोज सकाळी ब्रश तोंडात धरून त्याच्याकडे बघत उभे असायचात. म्हटलं, एरंड तर एरंड.”

 दीनानाथरावांनी झब्ब्याच्या बाह्या सावरल्या आणि कोयत्याला हात लावला. “न्या आबा. होळीचं आहे, होळीला जाऊ दे.”

“साहेब, जीव छोटा करू नका,” आबा स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. “बुंधा ठिवतो टोंगळ्याएवढा. एरंड हाये त्यो, पुन्ना फुटतो. पाडव्याला कोंब दिसंल, मी सांगतो. फकस्त एक ध्यानात ठिवा, काईच करू नका. आपसूक फुटतो.”

“काहीच नाही?”

“काईच न्हाई.”

त्या संध्याकाळी प्राजक्त कॉलनीची होळी पलीकडच्या कॉलनीच्या होळीपेक्षा हातभर उंच झाली. लाल एरंड मधोमध उभा, पानं पसरलेली, आणि पलीकडची माणसं वाकून वाकून बघत होती. ‘इंग्लंडचा हाये,’ असं आबा प्रत्येकाला स्वतःहून सांगत होते. दीनानाथरावांनी सपत्नीक पूजा केली, नारळ वाहिला आणि सगळ्यांबरोबर तोंडावर हात ठेवून बोंब मारली. त्यांची बोंब जरा लांबली, असं भुजंगरावांचं म्हणणं.

दुसऱ्याच दिवशी सुहासिनीबाईंना परतूरला जावं लागलं. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण. पाडव्याच्या सकाळी परत येते म्हणाल्या. रिक्षात बसताना बुंध्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आबांनी काय सांगितलंय?”

“काहीच करायचं नाही.”

“मग तेवढंच करा.”

पहिले एक-दोन दिवस दीनानाथरावांनी काहीच केलं नाही. काहीच न करण्याचा त्यांना फार थकवा आला. मग बुंध्यावर एक लालसर ठिपका दिसला. कोंब! अगदी मोहरीएवढा. त्यांना इतका आनंद झाला, की हातपाय शिवशिवू लागले. एवढा लहान जीव, वर मार्चचं ऊन, आणि त्याला नुसतं सोडून द्यायचं? ही काय माणुसकी झाली? निळी बादली पुन्हा नळाखाली आली. ताक, चोथा, साली, हिंग. या वेळी सकाळी बादलीतला ऐवज काही पातळ झाला नव्हता. वास तर भुजंगरावांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला. ‘आता खरं मुरलं,’ दीनानाथराव म्हणाले आणि घातलं. कोंब मलूल दिसला म्हणून मूठभर युरिया. युरियानं उष्णता झाली असेल म्हणून मिठाचं पाणी. मुळं मोकळी व्हावीत म्हणून (हे एका व्हिडिओत होतं, तो बहुधा तुंबलेल्या मोरीचा होता) किटलीभर कढत पाणी.

पाडव्याच्या सकाळी सुहासिनीबाई रिक्षातून उतरल्या, तेव्हा फाटकाशी गर्दी होती. दारात गुढी उभी होती, साखरेची गाठी उन्हात चमकत होती, पण गुढीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे वाकून बुंध्याकडे बघत होते. बुंधा काळा पडला होता, साल सुटली होती, बोटानं ढकलला तर डुगडुगत होता.

“असं बघायला मिळत न्हाई पुन्ना,” झुंबरबाई शेजारणीला सांगत होत्या. “माझी सत्तरी व्हत आली, पर मेलेला एरंड म्या कदी पाह्यला न्हाई.”

“जाळला तरी येतो हो,” भुजंगराव आदरानं म्हणाले.

“ट्रॅक्टर घातला तरी येतो.”

“अहो, काय घातलंत त्याला?” सुहासिनीबाईंनी विचारलं.

“नेहमीचंच,” दीनानाथरावांनी बुंध्याशी ठेवलेल्या निळ्या बादलीकडे बोट दाखवलं. “बादलीतलं.”

सुहासिनीबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. “देवा! अहो, ती तुमची बादली मी रोज पहाटे मोरीत ओतून साधं पाणी भरून ठेवत होते!”

दीनानाथरावांनी एकदा बादलीकडे, एकदा बुंध्याकडे आणि एकदा गुढीकडे पाहिलं. मग मान खाली घालून पेव्हर ब्लॉकवाल्याला फोन लावला.

तो लागायच्या आत कचरूआबांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज अगदी हळू, मान अदबीनं झुकलेली. चारचौघांत मागायची गोष्ट नव्हती.

“साहेब, एक काम व्हतं तुमच्याकडं. टेंभुर्णीला आमच्या बांधावर एरंड लई माजलाय. तोडून पाह्यला, जाळून पाह्यला, फवारे मारले, खर्चा फार झाला, पर हटत न्हाई. तुमी एकलेच आठ दिस ऱ्हायला या की वावरात. मजुरी-बिजुरी काई करू नका. फकस्त…” आबांनी बादलीकडे पाहिलं. “फकस्त त्याची जरा निगा राखा.”